घरात लव्हाळं, खंडाला लोणी

लव्हाळं सोलायचं म्हणजे सगळी साल काढायची नाही. उन्हाळा सरता सरता ते पूर्ण वाढलेलं आणि हिरवंगार असताना दलदलीच्या कडेनं उपटून आणायचं, पाण्यात भिजवायचं आणि नखानं त्याची हिरवी साल सोलत जायची. मात्र एक बारीक पट्टी बुडापासून शेंड्यापर्यंत तशीच ठेवायची. आत पांढरा, हलका, भुसभुशीत गर असतो. त्याला ताठ राहायला या पट्टीचाच काय तो आधार. ती तुटली की हातातलं लव्हाळं वाया गेलं. मग ते वाळवायचं आणि चुलीशी ठेवलेल्या होडीच्या आकाराच्या लोखंडी भांड्यातून, वितळलेल्या चरबीतून ओढून काढायचं. थंड झालं की वात तयार. लोखंडी चिमट्यात ती तिरकी धरून पेटवतात. हातभर लांबीचं लव्हाळं साधारण अर्धा तास जळतं, आणि चिमट्यापर्यंत ज्योत आली की कुणीतरी उठून ते पुढे सरकवायचं.

आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत रॉकेलचा दिवा येईपर्यंत गरिबाघरचा उजेड हा असा होता.

गेली काही वर्षं मी या देशाच्या पश्चिम भागात राहते. मेयो काउंटीत कासलबारजवळ टर्लो पार्क इथे राष्ट्रीय संग्रहालयाची ग्रामीण जीवनाची शाखा आहे. ती २००१ साली सुरू झाली. लव्हाळं धरायचे चिमटे, लोण्याचे बुधले, पेंढ्याच्या दोरीच्या बैठकीच्या खुर्च्या, विणलेल्या टोपल्या असं सगळं तिथे पाहायला मिळतं. घराघरातल्या या कारागिरीबद्दल लोक दोन प्रकारे बोलतात. एक तर 'किती सुंदर, किती स्वयंपूर्ण जीवन होतं', नाहीतर 'काय ते दारिद्र्य'. दोन्ही ऐकून मला चुकल्यासारखं वाटतं. कारण त्या घरातल्या बाईचे हात एकाच चुलीपाशी दोन अगदी वेगळ्या प्रकारची कामं करत होते. काही वस्तू घरात राहण्यासाठी बनायच्या आणि काही घराबाहेर जाण्यासाठी. घरात राहायचं ते लव्हाळं, पेंढा, वाळुंजाच्या काटक्या. घराबाहेर जायचं ते लोणी, लिननचं सूत, लेस. ज्याला बाजारात भाव, ते घरात टिकत नसे.

जमीन बहुतेकांची स्वतःची नव्हतीच. जमीनदाराला वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरात, खंड द्यावा लागे. तो चुकला तर घराबाहेर काढलं जाण्याची भीती. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की त्या घरातल्या प्रत्येक टोपलीचा आणि प्रत्येक धाग्याचा अर्थ लागायला लागतो.

लोण्याचंच बघा. धारा काढल्या की दूध लाकडाच्या पसरट, उथळ पात्रांत ओतून ठेवायचं. वर आलेली साय रोज काढून साठवायची. काही दिवसांची साय जमली की ती उभ्या लाकडी बुधल्यात घालायची. बुधला खाली रुंद आणि वर निमुळता. झाकणातल्या भोकातून एक लांब दांडा आत जातो आणि त्याच्या टोकाला भोकं पाडलेली लाकडी चकती असते. आपल्याकडे दोरीनं रवी गरगर फिरवतात, इथे हा दांडा वर-खाली हापसायचा. अर्धा तास, कधी तास, कधी त्याहून जास्त. आवाज बदलतो, हाताला जडपणा बदलतो, आणि बुधल्याच्या झाकणावर बारीक कण दिसायला लागतात. मग लोणी काढून थंडगार पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचं. ताकाचा थेंब राहिला तर लोणी खवट होणार. मीठ घालून, लाकडी पट्ट्यांनी दाबून त्यातलं पाणी काढायचं आणि पिंपात ठासून भरायचं.

घुसळण चालू असताना कुणी दारात आलं, तर त्यानं आधी 'देव या कामाला बरकत देवो' म्हणायचं आणि मग दांडा हातात घेऊन चार हात मारायचे. पाहुणा असो, शेजारी असो, वाटसरू असो. हात न लावता जो गेला तो लोण्याची बरकत घेऊन गेला असं मानत. घुसळत असताना घरातला विस्तव बाहेर जाऊ द्यायचा नाही. शेजारीण निखारा मागायला आली तरी नाही. बुधल्याखाली घोड्याची नाल ठेवायची, नाहीतर रोवन झाडाची डहाळी बांधायची. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी तर दूध, मीठ, विस्तव काहीच बाहेर द्यायचं नाही. त्या पहाटे कुणी तुमच्या विहिरीवरून किंवा कुरणातल्या दवावरून तुमचं वर्षभराचं लोणी पळवेल, अशी धास्ती घरोघरी असे.

या समजुतींवर हसणाऱ्यांचा मला राग येतो. साय फार गार किंवा फार कोमट असली की लोणी येत नाही, हे आज आपल्याला थर्मामीटर लावून कळतं. त्या बाईकडे थर्मामीटर नव्हता. तिच्याकडे तिचा हात होता, आणि हात चुकला तर घालवायला दुसरी साय नव्हती. शिवाय मे महिना म्हणजे नवं गवत, नव्या गवतावरचं दूध आणि खंडाचा हप्ता, तिन्ही एकदम. लोणी गेलं म्हणजे खंड गेला. ज्या वस्तूवर डोक्यावरचं छप्पर अवलंबून आहे तिला दृष्ट लागेल अशी भीती वाटणं यात मला भोळेपणा दिसत नाही.

हे लोणी जायचं कुठे? दक्षिणेकडच्या मुलखातून ते कॉर्क शहराकडे जायचं. डोंगराळ केरीतून कॉर्कपर्यंत त्यासाठी रस्ते बांधले गेले आणि त्यांना आजही लोण्याचे रस्तेच म्हणतात. एका पिंपात सुमारे ५६ पौंड, म्हणजे पंचवीसेक किलो लोणी मावे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभ्या राहिलेल्या कॉर्कच्या बाजारात निरीक्षक प्रत्येक पिंपात पोकळ सळई खुपसून, बाहेर आलेलं लोणी चाखून, हुंगून त्याची प्रत ठरवत. तिथून ते जहाजांवर चढून इंग्लंडला आणि थेट वेस्ट इंडीजच्या बेटांपर्यंत पोचत असे. एकोणिसाव्या शतकात हा जगातला सर्वांत मोठा लोण्याचा बाजार मानला जाई. तो १९२४ साली बंद झाला. त्याच्या शेजारी आता लोण्याचं संग्रहालय आहे.

मागे घरात काय उरलं? ताक. बटाटे तीन पायांच्या लोखंडी हंड्यात उकडायचे आणि हंडा एका पसरट, उथळ टोपलीवर उपडा करायचा. पाणी गळून जातं, बटाटे टोपलीत राहतात. मग तीच टोपली हंड्याच्या तोंडावर ठेवायची आणि भोवती बसून सगळ्यांनी खायचं. सोबतीला मीठ आणि ताक. टोपलीच चाळणी, टोपलीच ताट, टोपलीच टेबल. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्या वर्षांतही आयर्लंडच्या बंदरांतून लोण्याची पिंपं बाहेर जातच होती.

ती टोपली वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या काटक्यांची. घराजवळच्या ओलसर तुकड्यावर ही झुडपं मुद्दाम लावत. पानं गळाली की थंडीत वर्षभराच्या सरळ काटक्या बुडापासून छाटायच्या, पुढच्या वर्षी पुन्हा नव्या येतात. या काटक्यांपासून होणारी सगळ्यांत कामाची वस्तू म्हणजे पाठीवर घ्यायचा हारा. चुलीत जाळायची दलदलीतली वाळवलेली माती, म्हणजे टर्फ, शेतात घालायचं समुद्रशेवाळ, बटाटे, सगळं त्यातूनच वाहायचं.

हारा विणायची रीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ तिथून हलले नव्हते. तो उलटा विणतात. जाड काटक्या आधी चौकोनात जमिनीत रोवायच्या, अगदी हिरवळीत. मग बुडाशी बारीक काटक्या आत-बाहेर गुंफायला सुरुवात करायची. ही झाली हाऱ्याची तोंडाकडची कड. विणत विणत वर जायचं. मध्ये एका पट्ट्यात विणकाम न करता उभ्या काटक्या उघड्या सोडायच्या, म्हणजे वजन कमी होतं आणि उचलायला हातही घालता येतो. पुरेशी उंची झाली की उभ्या काटक्यांची टोकं वाकवून एकमेकींत अडकवायची. तो झाला तळ. मग सगळा हारा जमिनीतून उपटायचा, उलटा करायचा आणि खाली उरलेली टोकं कापायची. ना साचा, ना खिळा. जमीन हाच साचा. विणणाऱ्या गृहस्थांचा अंगठा प्रत्येक फेरीला काटक्यांना खाली दाबत होता आणि प्रत्येक दाबानंतर ते हारा किंचित हलवून बघत होते. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख जाड, पिवळं, शिंगासारखं झालेलं होतं.

पेंढ्याचं आणि गवताचं काम तर घरातल्या सगळ्यांचंच. एकानं बसून पेंढा पुरवायचा, दुसऱ्यानं आकड्यानं पीळ देत मागे मागे सरकायचं, दोरी लांबत जायची. याला सूगॉन म्हणतात. छपराचा पेंढा वाऱ्यानं उडू नये म्हणून या दोऱ्या छपरावरून टाकून भिंतीतल्या दगडी खुंट्यांना बांधायच्या. खुर्च्यांच्या बैठका, कोंबड्यांची खुराडी, अंथरुणं, सगळं यातूनच. या दोरीची एक लोककथा सगळ्या आयर्लंडला ठाऊक आहे. एका घरी भटका कवी येतो आणि पोरीला आपल्या बोलण्यानं भुलवतो. आईला तो नको आहे, पण आलेल्या पाहुण्याला घालवून देणं म्हणजे घराला बट्टा. ती त्याला म्हणते, जरा ही दोरी पिळायला मदत कर. बोलत बोलत, पीळ देत देत तो मागे सरकतो, उंबऱ्याबाहेर जातो, आणि आई दार लावून घेते. पाहुण्याचा अपमानही नाही आणि पोरही वाचली. या कथेतल्या आईची हुशारी मला फार आवडते, आणि कवीची कीवही येते.

आता पुन्हा घराबाहेर जाणाऱ्या वस्तूंकडे. उत्तरेकडे, अल्स्टरमध्ये, खंड लोण्यापेक्षा लिननमधून निघे. लिनन म्हणजे जवसाचा धागा. आपल्याकडे विदर्भात जवस तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतात, तिथे त्याच रोपाच्या देठातला दोर काढत. धाग्याची लांबी वाया जाऊ नये म्हणून रोप कापायचं नाही, मुळासकट उपटायचं. पेंढ्या बांधून खास खणलेल्या डबक्यात आठवडा-दोन आठवडे कुजत घालायच्या. त्याचा वास मैलभर जाई. ते पाणी नदीत सुटलं तर मासे मरत. कंबरभर पाण्यात उतरून त्या चिकट, घाण पेंढ्या बाहेर काढायच्या, वाळवायच्या, झोडपून काडी वेगळी करायची, लोखंडी दातांच्या फणीनं विंचरायच्या, आणि मग कुठे हातात केसांसारखा मऊ, पिवळसर झुपका येतो. तो बायका चरख्यावर कातत आणि पुरुष बहुधा मागावर विणत. इतक्या घाणीतून निघालेल्या कापडाचं शुभ्रपण हीच त्याची ख्याती.

सरकारलाही या धंद्यात रस होता. १७११ साली त्यासाठी लिनन बोर्ड स्थापन झालं होतं. १७९६ मध्ये त्या बोर्डानं योजना काढली की एक एकर जवस लावणाऱ्याला चार चरखे बक्षीस, पाच एकर लावणाऱ्याला माग. बक्षीस मिळालेल्यांची यादी छापली गेली, जवळपास साठ हजार नावांची. पुढे १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातला सरकारी दफ्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१ या काळातल्या जनगणनांची बहुतेक कागदपत्रं राख झाली. आज अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून आपले पूर्वज शोधत येणारे लोक त्या चरख्यांच्या यादीत नाव सापडतं का ते बघतात. कित्येक साध्या शेतकऱ्यांची त्या काळातली नोंद उरली ती एवढीच, की यांना चरखे मिळाले. ते चरखे ज्यांनी चालवले त्या बायकांची नावं मात्र यादीत क्वचितच.

दुष्काळानं यात लेसची भर घातली. १८४७ मध्ये मोनाहन काउंटीतल्या क्लोन्स गावी तिथल्या पाद्र्याची पत्नी कॅसँड्रा हँड हिनं उपासमारीतल्या बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवायची व्यवस्था केली. कॉर्कच्या बाजूला हेच काम जोगिणींच्या मठांतून चाललं. व्हेनिसच्या सुईच्या लेससारखी दिसणारी, पण आकड्यानं त्याहून कितीतरी लवकर होणारी ही लेस. गुलाब, तीनपानी शॅमरॉक, द्राक्षाची पानं, नेचे. जाड दोऱ्याचा गाभा ठेवून त्यावर टाके घातले की पाकळी उठून दिसते. एकेक घर एकेका फुलात तयार झालेलं असायचं आणि त्याची रीत जपायचं. वेगवेगळ्या घरांतली फुलं एकत्र आणून बारीक गाठींच्या जाळीनं जोडली की कॉलर तयार. त्या गाठीला आजही क्लोन्सची गाठ म्हणतात. एक लहानसा आकडा आणि दोरा एवढंच भांडवल. म्हणून तर ती उपाशी घरातही सुरू होऊ शकली. या पैशांनी पोटं भरली, खंड भागले, काहींच्या अमेरिकेच्या तिकिटांचीही सोय झाली. आणि त्या लेसच्या कॉलरी लंडन-पॅरिसच्या बायकांच्या गळ्यात गेल्या. जिनं ती विणली तिच्या अंगावर लेस असण्याचा प्रश्नच नव्हता.

पश्चिमेच्या अरन बेटांवरचा प्रसिद्ध स्वेटरही याच रांगेत बसतो. प्रत्येक घराण्याचा वेगळा टाका असायचा, बुडालेल्या कोळ्याचं प्रेत त्यावरून ओळखत, ही गोष्ट दुकानादुकानांत सांगतात. ती खरी नाही. आज आपण ओळखतो तो नक्षीदार पांढरा स्वेटर विसाव्या शतकातला आहे, आणि त्याला बाजार मिळाला तो बाहेरच्यांच्या आवडीमुळे. १९३० साली डब्लिनमध्ये कंट्री शॉप हे हस्तकलेचं दुकान उघडणाऱ्या म्युरिएल गॅहन यांचं त्यात मोठं काम आहे. हातांना रास्त पैसे मिळावेत म्हणून ही बाई आयुष्यभर झटली, तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण बेटावरच्या लोकांनी स्वतःसाठी केलेली वस्तू बघायची तर क्रिस बघावा. रंगीत लोकरीचा कमरपट्टा. त्याला माग लागत नाही. ताण्याचं एक टोक पायाच्या पंजाला अडकवायचं, दुसरं हातात धरायचं आणि बोटांनी विणत जायचं.

१८८९ मध्ये लिमरिक काउंटीतल्या ड्रमकॉलहरला पहिली सहकारी क्रीमरी, म्हणजे गावच्या दुधाचं लोणी काढायचा कारखाना, निघाली. हॉरेस प्लंकेट यांची सहकारी चळवळ तिथून पसरली आणि यंत्रानं साय वेगळी व्हायला लागली. बुधल्यापाशी हापसणारे खांदे सुटले, लोण्याची प्रत सुधारली, दलालांच्या हातून शेतकरी सुटला. हे सगळं चांगलंच झालं. पण दूध गाडीत घालून क्रीमरीला पुरुष घेऊन जायचा आणि हिशेबही त्याच्याच नावे व्हायचा. आतापर्यंत लोणी-अंड्यांचे पैसे बाईच्या हातातून जात होते. त्यातून चहा, साखर, पोरांचे कपडे यायचे. अंडी तिच्याकडे राहिली, लोणी गेलं. ही गोष्ट सहकाराच्या इतिहासात कुठेतरी कडेला नोंदलेली असते. माझ्या मते ती मधोमध हवी.

बाहेर गेलेल्या वस्तूंना दीर्घायुष्य लाभलं. क्लोन्सची लेस जगभरच्या संग्रहालयांत काचेखाली आहे. घरात राहिलेल्या वस्तू मात्र वापरून संपल्या. हारा मोडला की चुलीत गेला. पेंढ्याची दोरी कुजली. लव्हाळ्याची वात तर जळण्यासाठीच होती. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला, संत ब्रिजिडच्या दिवशी, दारावर लावायचे लव्हाळ्याचे क्रूस तेवढे कुठे कुठे जुन्या छपरांच्या वाशांत खोचलेले सापडतात, कारण ते काढून टाकायची पद्धत नव्हती. आदल्या संध्याकाळी लव्हाळं आणायचं, तेही उपटून, कापायचं नाही. आगीपासून आणि उपासमारीपासून घर राखायला तो क्रूस. २०२३ पासून या सणाची सरकारी सुट्टी असते आणि शाळेतली सगळी पोरं तो करून घरी आणतात.

म्हणून घरात राहिलेल्या कारागिरीचं बरंचसं आता शब्दांतच उरलं आहे, आणि ते शब्द उरले याचं श्रेय मुलांना आहे. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगानं १९३७ पासून दोनेक वर्षं एक विलक्षण गोष्ट केली. स्वतंत्र राज्यातल्या २६ काउंटींमधल्या सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गातल्या मुलांना सांगितलं, की निबंधाच्या तासाला आता हे लिहा. घरी जा, आजी-आजोबांना विचारा. घुसळण कशी करायचे? भाकरी कशाची असायची? गावात जुने कोणते कसब होते? पन्नास हजारांहून जास्त मुलांनी वह्या भरल्या आणि सगळी मिळून सात लाखांहून अधिक पानं जमली. २०१७ मध्ये आयोगाचा संग्रह युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेला.

ही पानं आता डूखस या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. काउंटी निवडायची, शाळा निवडायची आणि अकरा ते चौदा वर्षांच्या पोरांचं टपोरं, शाईचे डाग पडलेलं अक्षर उलगडत जायचं. खाली बहुतेकदा सांगणाऱ्याचं नाव आणि वय असतं. स्वयंसेवक ती पानं टंकित करत आहेत. इंग्रजी वाचता येणाऱ्या कुणालाही त्यात सामील होता येतं, आणि मीही झाले आहे. सध्या मेयोतली पानं करते. लोण्याच्या चोरीवर जवळजवळ प्रत्येक शाळेत काही ना काही सापडतं. लव्हाळं सोलण्याबद्दलचं पान आलं की मी आधी बघते, एक पट्टी ठेवायची हे मुलानं लिहिलंय का. लिहिलेलं असलं तर मला खात्री वाटते, की त्यानं कुणाच्या तरी शेजारी बसून, त्यांच्या बोटांकडे बघत ते ऐकलं होतं.